चोवीस मिनिटांचा पहारा

पीएचपी-मायअ‍ॅडमिन वापरणाऱ्या प्रत्येकाने ती सूचना पाहिलेली असते: १४४० सेकंद काहीच हालचाल झाली नाही, तेव्हा पुन्हा लॉगिन करा. १४४० सेकंद म्हणजे चोवीस मिनिटे. एवढ्या वेळात माणूस काय करत होता, हे यंत्राला ठाऊक नसते. तो एक्सेलमधली सभासदांची यादी टेबलाशी ताडून पाहत असेल. "एकच खाते दोनदा का दिसते आहे?" असे पतसंस्थेच्या लेखनिकाला फोनवर विचारत असेल. किंवा खरोखरच जेवायला उठला असेल आणि त्याच्या खुर्चीत भलताच कोणी येऊन बसला असेल. यंत्राच्या लेखी तिघेही सारखेच.

ही मुदत वाढवावी, असे माझे मत आहे. सर्वांनी नाही, सगळीकडे नाही. पण बहुतेकांनी आणि बऱ्याच ठिकाणी. मात्र ती ज्या घिसाडघाईने वाढवली जाते ती मला मान्य नाही: कॉन्फिग फाइल उघडायची, पाच-सहा नऊ एकापुढे एक टाइप करायचे आणि फाइल बंद करायची. "मुदत वाढवली की सुरक्षा संपली" हे सोवळेही मला तितकेच अमान्य आहे. भांडणाऱ्या या दोन्ही बाजूंचे गृहीतक एकच आहे, की जितके सेकंद कमी तितकी सुरक्षा जास्त. एकाला ती सुरक्षा नकोशी झालेली असते, दुसऱ्याला हवीशी वाटते, एवढाच फरक. गृहीतक कोणी तपासत नाही.

आधी हे साधन कोणाच्या हातात आहे ते पाहू. टोबियास रॅट्शिलर याने १९९८ मध्ये ते लिहायला घेतले. त्याच्यापूर्वी पीटर कुपेलवीझरचे मायएसक्यूएल-वेबअ‍ॅडमिन होते, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. वेळ पुरेना म्हणून २००० मध्ये रॅट्शिलरने काम थांबवले, आणि २००१ मध्ये तिघाजणांनी ते उचलून पुढे नेले. तेव्हापासून जगभरातल्या स्वस्त होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ते आपोआप आलेले असते. मायएसक्यूएलशी बोलण्याची काळी खिडकी ज्यांना नको असते, असे लाखो लोक या एका पानावरून आपला डेटा पाहतात. आपल्याकडे शाळेची, बाजार समितीची, पतपेढीची, एखाद्या दिवाळी अंकाची वेबसाइट सांभाळणारा जो एकटा माणूस तालुक्याच्या गावी असतो, त्याची सगळी भिस्त यावरच. तो डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कुठे नेमलेला नसतो. प्रिंटर दुरुस्त करणारा, वेबसाइट बघणारा आणि वर्गणीदारांची नावे सुधारणारा, सगळे तोच. चोवीस मिनिटांचे हे घड्याळ प्रत्यक्षात अशा माणसांवर चालते.

आता त्या १४४० कडे वळू. हा आकडा आला कुठून? पीएचपी या भाषेतच सेशन किती वेळ जपायचे याची एक मूळ मुदत आहे, आणि तीही १४४० सेकंदच. पीएचपी-मायअ‍ॅडमिनचा आकडा तिच्याशी जुळता आहे. पण पीएचपीने तरी चोवीस मिनिटेच का धरावीत? वीस का नाहीत, तीस का नाहीत? पीएचपीच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २००० मध्ये, सेशनची सोय भाषेतच आली. त्याच्या आधी लोक त्यासाठी पीएचपीलिब नावाची लायब्ररी वापरत. तिच्यातही जुनी सेशन झाडून टाकण्याची मुदत १४४० हीच होती. फक्त तिथे ती मिनिटांत मोजलेली होती. १४४० मिनिटे म्हणजे बरोबर एक दिवस. या आकड्याला अर्थ आहे तो तिथे. पुढे आकडा तोच राहिला आणि एकक मात्र सेकंद झाले. एका दिवसाची चोवीस मिनिटे झाली! ही जुळणी योगायोगाची असेल असे मला वाटत नाही. ज्या मुदतीला आपण सुरक्षेचा निकष समजून हात लावायला भितो, ती धोक्याचा हिशेब मांडून कोणी ठरवलेली दिसत नाही.

बरे, पीएचपीची ती मुदत मुळात पहाऱ्यासाठी नव्हतीच. ती आहे झाडूवाल्याची. सर्व्हरवर प्रत्येक सेशनची एक छोटी फाइल तयार होते. जुन्या फाइली साठत राहू नयेत म्हणून कधीतरी त्या काढून टाकाव्या लागतात. ते "कधीतरी" चिठ्ठी टाकून ठरते. पीएचपीच्या मूळ मांडणीत सेशन सुरू करणाऱ्या दर शंभर विनंत्यांमागे साधारण एकदा झाडू फिरतो. ज्या सर्व्हरवर वर्दळ नाही, तिथे मुदत संपलेली फाइल तासन् तास तशीच पडून राहू शकते. डेबियनने हा जुगार बंद करून अर्ध्या तासाने एकदा साफसफाई करणारे वेगळे काम लावले आहे. सामायिक होस्टिंगवर तर आणखी गंमत होते. अनेकांच्या सेशन-फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील, तर ज्याची मुदत सर्वांत कमी त्याचा झाडू सर्वांच्या फाइलींवर फिरतो. तुम्ही आपली मुदत आठ तास केलीत, शेजाऱ्याची वेबसाइट चोवीस मिनिटांवरच आहे. तुमचे सेशन शेजाऱ्याच्या हिशेबाने संपणार. "मुदत वाढवली तरी मला बाहेर फेकतेच" ही जी नेहमीची तक्रार असते, तिच्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. पीएचपीची मुदत आपल्या मुदतीपेक्षा कमी असेल तर लॉगिन लवकर संपू शकेल, असा इशारा पीएचपी-मायअ‍ॅडमिन स्वतःच पहिल्या पानावर खाली देते. तो वाचतो कोण?

आकडा असा अपघाताने आलेला आणि अंमलबजावणीही अशी लहरी. पण आकड्याचे मूळ हास्यास्पद आहे म्हणून मुदतच निरर्थक ठरत नाही. मुदत असण्याला या साधनात एक खरे कारण आहे आणि ते साध्या वेबसाइटच्या लॉगिनपेक्षा गंभीर आहे.

टर्मिनलमधून मायएसक्यूएलला जोडले की जोडणी एकदा होते आणि टिकते. काहीही न करता बसलात तरी मायएसक्यूएल मूळ मांडणीत ती २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास धरून ठेवते. ब्राउझरमधून चालणाऱ्या साधनाला ही चैन नाही. पान मागितले, उत्तर आले, संबंध संपला. पुढच्या क्लिकला पुन्हा नव्याने डेटाबेसशी जोडायचे. जोडायचे म्हणजे पासवर्ड हवा. तो दर वेळी तुम्हाला विचारता येत नाही, म्हणून पीएचपी-मायअ‍ॅडमिन तो कुलूपबंद करून तुमच्याच ब्राउझरच्या कुकीत ठेवते आणि त्या कुलपाची किल्ली सर्व्हरवरच्या सेशनमध्ये. सेशनची फाइल झाडली गेली की किल्ली गेली, मग कुकी हातात असूनही उपयोग नाही. एरवी एखाद्या वेबसाइटचे सेशन म्हणजे "हा अमुक माणूस आहे" एवढी नोंद असते. इथे ते सेशन म्हणजे डेटाबेसचा पासवर्डच फिरता ठेवण्याची व्यवस्था आहे. आणि तो पासवर्ड रूटचा असेल तर त्या एका टॅबमधून सगळे टेबल, सगळे युझर, सगळेच पुसून टाकता येते. इतकी ताकद उघडी ठेवायची तर तिला काही मर्यादा हवी, हे मलाही मान्य आहे.

वाद आहे तो कोणत्या मर्यादेचा. लॉगिनच्या मुदती दोन प्रकारच्या असतात. एक एकूण मुदत: लॉगिन केल्यापासून इतक्या तासांनी, काम चालू असो वा नसो, पुन्हा ओळख पटवायची. दुसरी निष्क्रियतेची: इतकी मिनिटे हात लागला नाही तर बाहेर. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मधल्या सुरक्षा-पातळीसाठी १२ तासांची एकूण मुदत आणि ३० मिनिटांची निष्क्रियतेची मुदत सांगितली होती. सर्वांत वरच्या पातळीला निष्क्रियतेची १५ मिनिटे. बँक-कार्डांचा डेटा हाताळणाऱ्यांच्या नियमांतही १५ मिनिटेच आहेत. म्हणजे विचार करणारी मंडळी दोन्ही घड्याळे लावतात. पीएचपी-मायअ‍ॅडमिनमध्ये मुख्य घड्याळ आहे ते फक्त दुसरे. शेवटच्या हालचालीपासून १४४० सेकंद. दर वीस मिनिटांनी एक क्लिक करत राहिलात तर संध्याकाळपर्यंत कोणी विचारणार नाही.

चोराच्या जागी उभे राहून हे पाहा. कोणी तुमचे सेशन पळवले आहे. संगणकात शिरलेल्या एखाद्या घातक प्रोग्रॅमने कुक्या उचलून नेल्या, समजा. अशा चोराला निष्क्रियतेच्या मुदतीचे भय कशाचे? तो विचार करत बसत नाही, फोन करत नाही, चहाला जात नाही. त्याची स्क्रिप्ट दर मिनिटाला एक विनंती पाठवत राहते आणि सेशन जिवंत ठेवते. उलट ज्याचे काम प्रामाणिक आहे तो थांबतो. डेटाबेसचे काम म्हणजे निम्मे थांबणेच असते. अपडेट क्वेरी लिहिली; आता एंटर मारण्याआधी तिची अट बरोबर आहे ना, किती ओळी बदलणार, बॅकअप कालचा आहे की आजचा, हे पाहायला हवे. अलीकडच्या आवृत्त्या पानावरची माऊसची हालचाल आणि कीबोर्डही जमेस धरतात, ही सुधारणा आहे. पण पडताळणी त्या पानावर होतच नाही. ती शेजारच्या टॅबमध्ये होते, वहीत होते, फोनवर होते. तेवढ्यात घड्याळ संपते. ज्या सवयीने डेटा वाचतो, त्याच सवयीला हा पहारा शिक्षा करतो आणि ज्याला अडवायचे त्याला मोकळे सोडतो. सेकंद कमी केल्याने हा उलटा न्याय सुधारत नाही, बिघडतो.

विरुद्ध बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा चोरीचा नाहीच मुळी, आणि तो टाळून हा वाद जिंकता येणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये पीएचपी-मायअ‍ॅडमिनच्या ४.७.७ या आवृत्तीत एक दोष दुरुस्त झाला. तो एका भारतीय सुरक्षा-संशोधकाने शोधला होता. दोष असा, की तुम्ही लॉगिन केलेले आहे, तेवढ्यात दुसऱ्या कुठूनतरी आलेल्या एका लिंकवर क्लिक केलेत, तर ती लिंक तुमच्याच नावाने, तुमच्याच अधिकाराने टेबल रिकामे करण्यासारखा हुकूम डेटाबेसला देऊ शके. पासवर्ड चोरण्याची गरज नाही, कुकी पळवण्याचीही नाही. दुकानदार गल्ल्यावरच बसलेला आहे, आणि कोणीतरी त्याचाच हात धरून गल्ल्यातली रक्कम काढून घेतो आहे. अशा हल्ल्याला एकच गोष्ट लागते: लॉगिन जिवंत असणे. जितका वेळ ते जिवंत, तितका वेळ तुम्ही उघडे. आठ तास लॉगिन ठेवून दिवसभर त्याच ब्राउझरमध्ये मेल, बातम्या, व्हॉट्सअ‍ॅप पाहणाऱ्या माणसाला हा धोका चोवीस मिनिटांवाल्यापेक्षा नक्कीच जास्त आहे.

हे मी कबूल करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र नाही. तो दोष बंद झाला तो मुदत कमी करून नव्हे. हुकूम खरोखर आपल्याच पानावरून आला आहे का, हे तपासण्याची व्यवस्था दुरुस्त करून. नव्या आवृत्त्यांत परक्या वेबसाइटवरून येणाऱ्या विनंतीबरोबर कुकी पाठवूच नये, असे ब्राउझरला सांगण्याचीही सोय आहे. शिवाय तो फसवा क्लिक बहुधा कामाच्या वेळीच होतो, जेव्हा मुदत कितीही छोटी असली तरी लॉगिन जिवंतच असते. छोटी मुदत या हल्ल्याची संधी घटवते, बंद करत नाही. आणि संधी घटवण्याचा याहून स्वस्त उपाय आहे: डेटाबेसच्या कामाला वेगळा ब्राउझर, निदान त्याच ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल. त्यात मेल उघडायची नाही. जुनीच आवृत्ती वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांसाठी मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. त्यांनी मुदतीचा विचार करण्याआधी अपडेट करावे.

खुर्चीत दुसरा येऊन बसण्याचा धोका राहतो. तो खरा आहे. ज्या कार्यालयात एकच संगणक आहे, त्यावर तिघे काम करतात, दुपारी शिपाई त्यावर आधार कार्डाची झेरॉक्स काढून देतो आणि संध्याकाळी साहेबांचा मुलगा गेम खेळतो, तिथे चोवीस मिनिटेसुद्धा मला जास्तच वाटतात. जेवणाची सुट्टी त्याहून मोठी असली तरी पहिली चोवीस मिनिटे पुरेशी असतात. पण तिथला योग्य उपाय संगणकाचा पडदा कुलूपबंद करणे हा आहे. पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून बाहेर पडलात आणि शेजारच्या टॅबमध्ये मेल उघडीच राहिली, तर त्या मेलवरून नवा पासवर्ड मागवून घेता येतोच. एका खोलीला कडी लावून उरलेले घर उघडे ठेवण्याला मी तरी सुरक्षा म्हणणार नाही.

कडकपणामुळे माणसे कुठे जातात, याचाही हिशेब घ्यायला हवा. संगणकावरचा पासवर्ड पहिल्यांदा वापरात आला तो एमआयटीमध्ये, फर्नांडो कॉर्बातो यांच्या सीटीएसएस या यंत्रणेत, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना वाटून वेळ मिळावा, म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे आणि वेळेची मर्यादा ठरलेली. अ‍ॅलन शेर या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास मिळत. त्याच्या संशोधनाला ते पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम करू लागला. पासवर्डांची पहिली चोरी म्हणून जी सांगितली जाते ती पैशासाठी नव्हती, द्वेषासाठी नव्हती. यंत्रावर जास्त वेळ बसता यावे म्हणून होती!

आजचे शेर पासवर्डांची फाइल छापत नाहीत. ते ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवायला सांगतात. एकदा ते केले की दर चोवीस मिनिटांनी येणारे लॉगिनचे पान म्हणजे फक्त एक जास्तीचे बटण. पासवर्ड भरलेलाच असतो, खुर्चीत कोणीही असो. काहीजण पान आपोआप ताजे करणारे एक्स्टेन्शन बसवतात, आणि मग मुदत कागदावर चोवीस मिनिटे असली तरी प्रत्यक्षात अनंत होते. काहीजण पासवर्डच इतका छोटा करतात की तो पुन्हा पुन्हा टाइप करायला त्रास होऊ नये. आणि सर्वांत वाईट वाट म्हणजे लॉगिनची पद्धतच बदलणे: पासवर्ड विचारायचाच नाही, तो कॉन्फिग फाइलीत लिहून टाकायचा. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी ज्या एक्झाम्पवर प्रोजेक्ट करतात, त्यात पीएचपी-मायअ‍ॅडमिन असेच येते: युझर रूट, पासवर्ड रिकामा, लॉगिनचे पानच नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर शिकण्यासाठी ते चालून जाते. पण तेच फोल्डर, तीच कॉन्फिग फाइल उचलून लाइव्ह सर्व्हरवर ठेवली जाते तेव्हा जगातला कोणीही तिथला रूट होतो. पीएचपी-मायअ‍ॅडमिनचे नेहमीचे पत्ते ठोठावत फिरणारे बॉट इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. त्यांना फार शोधावे लागत नाही. याकूब व्राना याने लिहिलेले अ‍ॅडमिनर हे छोटे साधन रिकाम्या पासवर्डाने आत सोडतच नाही. हा कडकपणा मला पटतो, कारण तो धोक्याच्या जागी आहे. मुदतीला कंटाळून जो माणूस पासवर्डच काढून टाकतो, त्याला मुदत आठ तासांची करून दिली असती तर सर्व्हर कितीतरी सुरक्षित राहिला असता.

आणखी एका नुकसानीबद्दल सुरक्षावाले बोलतच नाहीत. बाहेर काढले गेल्याचा खरा संताप पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो म्हणून येत नाही; अर्धवट लिहिलेले गेले म्हणून येतो. चाळीस ओळींची क्वेरी, किंवा एकेक रकाना भरत आणलेली नोंद, बटण दाबताच नाहीशी होते आणि समोर लॉगिनचे पान. वेब सर्वांना वापरता यावे यासाठीची डब्ल्यूथ्रीसीची मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासून सांगत आली आहेत, की वेळेची मर्यादा असेल तर ती बंद करता, बदलता किंवा वाढवता आली पाहिजे. आणि सर्वांत वरच्या पातळीवर अशीही अपेक्षा आहे की सेशन संपले तरी पुन्हा लॉगिन केल्यावर माणसाला आपले काम जिथे होते तिथून, काहीही न गमावता पुढे नेता यावे. ही तत्त्वे आधी दिव्यांगांसाठी लिहिली गेली. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा माणूस, एका हाताने टाइप करणारा माणूस, यांची चोवीस मिनिटे तुमच्या-माझ्या चोवीस मिनिटांपेक्षा फार लहान असतात. पीएचपी-मायअ‍ॅडमिनच्या नव्या आवृत्त्या लॉगिनची चौकट त्याच पानावर दाखवून मागचे काम तसेच ठेवण्याचा प्रयत्न करतात. हा मार्ग योग्य आहे. काम जपले जाणार असेल तर छोटी मुदतही माणूस सहन करतो.

पोस्टग्रेससाठी असलेले पीजीअ‍ॅडमिन याच प्रश्नाचे वेगळे उत्तर देते. त्याचे सेशन मूळ मांडणीत एक दिवस टिकते. निष्क्रियतेची मुदत बंदच असते, हवी तर सर्व्हर सांभाळणाऱ्याने लावायची, आणि लावली तरी लांबलेली क्वेरी चालू असताना बाहेर काढू नये अशी सोयही आहे. म्हणजे रांगत चालणारी क्वेरी हेही काम आहे, हे तिथे कोणाच्यातरी लक्षात आले. त्यामुळे पोस्टग्रेसवाले मायएसक्यूएलवाल्यांपेक्षा बेफिकीर ठरतात, असे कोणी म्हणत नाही.

मग ताकद आवरायची कशी? माझ्या मते वेळ मोजण्याऐवजी कृती मोजावी. लिनक्सवर सुडो पासवर्ड विचारते ते तुम्ही जागेवर आहात का हे पाहायला नव्हे, तुम्ही काहीतरी मोठे करायला निघाला आहात म्हणून. गिटहबवर महिनाभर लॉगिन असलात तरी रिपॉझिटरी उडवायला गेलात की ते पुन्हा ओळख मागते. डेटाबेसमध्ये हे तर फारच सयुक्तिक आहे, कारण मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबल म्हटले की ते लगेच कायम होते. ट्रान्झॅक्शन मागे फिरवून टेबल परत येत नाही. पीएचपी-मायअ‍ॅडमिन अशा वेळी "खात्री आहे ना?" एवढेच विचारते, आणि त्या चौकटीवर आपण न वाचता ओके दाबतो. पाहणे, शोधणे, छापून घेणे यासाठी दिवसभर मोकळीक. टेबल पुसणे, युझर बनवणे, अधिकार बदलणे यासाठी त्या क्षणी पासवर्ड, अशी रचना असती तर १४४० वर इतका खल करावाच लागला नसता. ती येईपर्यंत हेच काम युझर वेगवेगळे करून भागवता येते. रोजच्या पाहण्यासाठी फक्त सिलेक्टचा अधिकार असलेला युझर, दुरुस्तीसाठी एकाच डेटाबेसपुरता दुसरा, आणि रूट पेटीत. फक्त पाहू शकणाऱ्या युझरचे लॉगिन आठ तास उघडे राहिले तर काय बिघडेल? डेटा वाचला जाईल, तो धोका आहेच. पण टेबल जाणार नाही. हे करायला दहा मिनिटे लागतात आणि तरीही जवळजवळ कोणी करत नाही. सगळे रूटनेच आत येतात आणि मग मुदतीवर वाद घालतात.

हे सगळे धरून, मी काय ठेवतो ते सांगतो. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या लोकल सर्व्हरला २८,८०० सेकंद. मायएसक्यूएल स्वतः आठ तास थांबते, तर त्याच्या खिडकीने आधी का मिटावे? लाइव्ह सर्व्हरला दोन तास, कारण एका बैठकीचे काम साधारण तेवढे असते. पण हे दोन तास फुकट मिळत नाहीत. तिथे ते पान ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच उघडते, एचटीटीपीएसशिवाय उघडत नाही, आणि ४.८ आवृत्तीपासून आलेली दुहेरी ओळख, म्हणजे मोबाइलवरचा सहा आकडी कोड, चालू असते. ज्याला यांपैकी एकही करायचे नाही, त्याने चोवीस मिनिटांना हात लावू नये. आणि सामायिक संगणक असेल तर मी मुदत उलट कमी करतो, दहा मिनिटांवर आणतो.

आकडा बदलायचा तो आपल्या कॉन्फिग फाइलीत. साधनाबरोबर येते त्या मूळ फाइलीत बदलला, तर पुढच्या अपडेटला तो पुसला जातो आणि आपण अपडेटला दोष देतो. पीएचपीची सेशन-मुदत तेवढीच किंवा जास्त करायची, आणि सामायिक सर्व्हर असेल तर सेशन-फाइलींचे फोल्डर आपले वेगळे ठेवायचे, नाहीतर शेजाऱ्याचा झाडू आहेच. साधनाच्या सेटिंग्जमधून प्रत्येक युझरला आपल्यापुरती मुदत बदलता येते, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला ती सोय बंदही ठेवता येते. ती बंद ठेवावी की चालू, हा प्रश्न अनेकजण मिळून एक सर्व्हर वापरतात तिथे खरा अवघड होतो. माझा कल बंद ठेवण्याकडे आहे: मुदत किती हे ज्याला बॅकअपमधून डेटा परत आणावा लागणार आहे त्याने ठरवावे, आणि ठरवताना रोज त्या खिडकीत बसणाऱ्याला विचारावे.